खंडेनवमीच्या तोरणातली हजेरी

आमच्या गिरणीत तिला कुणी कॉम्प्युटर म्हणत नसे. सगळे मशीन म्हणत, आणि बुऱ्हाणपुरात मशीन ही बाईच असते. "मशीन उठली का?" असं गेटवरचा शिपाई मला रोज सकाळी विचारायचा, आणि मी म्हणायची, "उठवायलाच चाललेय." आता निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, गिरणीचा भोंगाही गप्प झाला, तरी शनवारा पेठेत भाजी घेताना एखादी बाई हाक मारतेच, "ओ मशीनवाल्या ताई!" मला राग येत नाही. सुलभा महाजन म्हणून ओळखणारे त्याहून कमी आहेत.

आमची मशीन म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली दोन लोखंडी कपाटं. तिला मिनी-कॉम्प्युटर म्हणत. त्याआधीची यंत्रं अख्खा हॉल अडवून बसत, म्हणून ही मिनी. गिरणीच्या जुन्या मालकांनी हौसेने आणली होती. मालक गेले, गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली, आणि मशीन आमच्या गळ्यात पडली. अख्ख्या गिरणीत एअर कंडिशनर फक्त तिच्या खोलीला होता. मे महिन्यात साहेब लोकांना अचानक हिशेबाची गोडी लागायची आणि ते माझ्या खोलीत येऊन बसायचे. मी चपला बाहेर काढायला लावायची. मोठ्यातल्या मोठ्या साहेबालासुद्धा.

तिच्या पुढच्या पाटीवर ओळीने सोळा खटके होते आणि वर तेवढेच लाल दिवे. आदल्या रात्रीच्या शेवटच्या कामाने तिचं पोट पुसून टाकलेलं, त्यामुळे सकाळी ती ठार कोरी असायची. फीत कशी वाचायची एवढंही तिला ठाऊक नसायचं. ते आधी खटक्यांनी शिकवायचं. खटके वर-खाली लावायचे, कळ दाबायची, की एक शब्द आत. असे काही शब्द पोटात गेले की तिला फीत वाचण्यापुरती अक्कल यायची. ही फीत कागदाची, बोटभर रुंद, भोकं पाडलेली. आडव्या एका ओळीतली भोकं म्हणजे एक अक्षर किंवा एक आकडा. हे सगळं रोज केल्यामुळे ते खटके माझ्या बोटांनाच पाठ झाले होते. कुणी विचारलं असतं तर तोंडाने सांगता आले नसते.

पहिली फीत लावायची ती मॉनिटरची. आज ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ते तेव्हा आमच्याकडे एवढंच होतं. "मैडम, ये ऑपरेटिंग सिस्टम आखिर है क्या चीज़?" असं आमचे ऑफिस मॅनेजर तिवारीजी यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, घरात स्वयंपाक, धुणं, पाहुणे सगळं असतं; पण चूल आधी कुणाला द्यायची हे ठरवणारी एक बाई लागते. ती. तिवारीजी म्हणाले, "मतलब हमारी अम्मा।" बरोबर समजले होते ते.

ही पहिली अम्मा एका वेळी एकच काम करायची. पगार चालू असेल तर हजेरी थांबली. पण भारी सोशिक. वीज गेली, आणि बुऱ्हाणपुरात ती रोज जायची, तरी आली की बहुतेक वेळा जिथे काम अडलं होतं तिथून पुढे चालू. मग डिस्क आली. भाकरीच्या परातीएवढी तबकडी, तिच्यावर सगळं साठवायचं, खटके नकोत, फीत नको. तिची अम्मा वेगळी, चपळ, पण तिचे नखरे फार. आणि एकत्रीकरणाच्या वर्षात तिसरी आली. तिला एका वेळी तिघं तीन टर्मिनलवर बसून काम सांगू शकत. इंजिनियर नाडकर्णी मुंबईहून येऊन ती बसवून गेले आणि जाताना मला म्हणाले, "बाई, आता त्या फिती विसरा." मी मान हलवली आणि जुनी मॉनिटरची फीत पेढ्यांच्या डब्यात घालून माझ्या खणात ठेवली. का, ते सांगता येणार नाही. जुनं टाकवत नाही, बस.

एकत्रीकरण म्हणजे महामंडळाने जवळपासच्या गिरण्या एका दावणीला बांधायला काढल्या होत्या. एक हिशेब, एक पगारपत्रक, कामगारांची एक यादी. त्यात सगळ्यांचे डोळे लागले होते ते बदलीवाल्यांच्या हुकमाकडे. बदली कामगार म्हणजे जो रोज सकाळी गेटवर रांगेत उभा राहतो. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही, तर मुकादम बोट दाखवतो: तू चल, तू चल. बाकीचे घरी. कित्येकांचं अर्धं आयुष्य त्या रांगेत गेलं होतं. हुकूम असा होता की ज्यांच्या त्या वर्षाच्या हजेऱ्या पुरेशा भरतील ते कायम होणार. ज्यांच्या भरणार नाहीत त्यांची रांग कायमची बंद. महामंडळाचा अधिकारी कोजागिरीला यादी न्यायला येणार होता.

या बदलीवाल्यांत एक मंगला होती. रिळाच्या खात्यात, म्हणजे सूत रिळावर गुंडाळतात तिथे, काम करायची. देडतलाईकडची, नवऱ्याने टाकलेली, शनवाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायची. तोंडाने फटकळ. माझं आणि तिचं पहिल्याच भेटीत भांडण झालं होतं, कारण ती चपला घालून खोलीत शिरली. त्यानंतर मात्र दर आठवड्याला दाराशी उभी राहून विचारायची, "ताई, माहं नाव हाये ना व मशीनीत?"

"नाव नाही, नंबर आहे."

"नंबर तं नंबर. पुसू नका म्हंजे झालं."

बदलीवाल्यांचं मस्टर नसायचं. रोज गेटवर चिठ्ठी मिळायची, ती संध्याकाळी आमच्याकडे यायची, आम्ही फितीवर भोकं पाडायचो आणि चिठ्ठ्या बॉयलरमध्ये. पगारपत्रकातही त्यांची खात्यावार एकच रक्कम. तेव्हा कोण किती दिवस आला हे जगात दोनच ठिकाणी होतं, फितीवर आणि डिस्कवर.

आता खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे सांगायला नको. गिरणीत तर तो मोठा सण. चाती, चरखे, बॉयलर, लोहाराची ऐरण, सगळ्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि आमच्या गिरणीची एक खास रीत पडली होती. माझ्या खोलीतली वाया गेलेली फीत तोरणाला जायची. भागवत मिस्त्री म्हणून आमचे जुने हेडमिस्त्री होते, त्यांनीच ती सुरू केलेली. फिकट पिवळी, जाळीदार, वाऱ्यावर छान सळसळायची. मी दरवर्षी त्यांना चुकलेल्या फितींची टोपली द्यायची आणि चांगल्या फिती कपाटात कुलपात. शिवाय त्या दिवशी मशीन बंद. मिस्त्रींचं म्हणणं, हत्याराला एक दिवस विसावा हवा. माझं म्हणणं, मलाही.

त्या वर्षी नवी टर्मिनलं ठेवायला जागा हवी म्हणून तिवारीजींनी कपाट रिकामं करायला सांगितलं. मी आदल्या दिवशी रजेवर होते. त्यांनी फितींची सगळी भेंडोळी भागवत मिस्त्रींच्या हवाली केली, "ले जाओ, अब सब डिस्क में है।" मिस्त्री बिचारे हरखून गेले. एवढी फीत त्यांना जन्मात मिळाली नव्हती.

नवमीच्या सकाळी मी गेटवर आले आणि वर बघते तर काय, माझी पूर्ण वर्षाची हजेरी कमानीवर लटकलेली! मिस्त्रींना गाठलं. "मिस्त्री, हे काय केलंत हो?"

"काय झालं बाई? यंदा तोरण कसं भरगच्च दिसून राहिलं बघा."

मी तिथेच त्यांच्याशी हुज्जत घालत बसले आणि तिकडे घात झाला. तिवारीजींनी ठरवलं होतं की यंदा चालू मशीनची पूजा करायची. बंद मशीनीत काय शोभा? दिवे लुकलुकायला हवेत. त्यांनी कळ दाबली, डिस्क फिरू लागली, आणि मिस्त्रींची माणसं धुपाटणं घेऊन आत गेली. गुग्गुळाचा असा धूर, की मी धावत दारापर्यंत आले तेव्हा खोलीत माणसं दिसत नव्हती.

डिस्क फिरते तेव्हा तिच्यावर एक वाचणारा चिमटा तरंगत असतो. दोघांत अंतर केसाहूनही कमी. धुराचा कण तिथे गेला म्हणजे रुळावर धोंडा पडलाच म्हणून समजा. आधी बारीक शीळ ऐकू आली, मग कुणी पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. मी ओरडले, "बंद करा!" कुणीतरी आरतीच बंद केली.

मी नाडकर्णींना ट्रंक कॉल लावायला ऑफिसात पळाले. कॉल काही लागेना. परत आले तर तिवारीजींनी आणखी शहाणपणा करून ठेवलेला. "मैडम, घबराइए मत, मैंने दूसरी वाली लगा दी।" दुसरी वाली म्हणजे डिस्कची जपून ठेवलेली नक्कल. चिमटा मोडलेला, त्यात त्यांनी चांगली तबकडी घातली. तीही खरवडून निघाली. हे ऐकल्यावर मी खाली बसले. आयुष्यात एवढा संताप मला कधी आला नव्हता. तिवारीजींचा चेहरा पांढरा पडला होता. "अब?" ते म्हणाले.

आता काय? नवी अम्मा गेली, मधली गेली, वर्षाची हजेरी गेली. दारात मंगला उभी होती, प्रसादाची वाटी हातात.

मला तेव्हा पेढ्यांचा डबा आठवला. अहो, मॉनिटरची फीत माझ्या खणात होती! खटके माझ्या बोटांत होते. डिस्कशिवाय मशीन चालू शकत होती, अगदी पहिल्या दिवसासारखी. आणि हजेरी? हजेरी कमानीवर, बॉयलरवर, चरख्यांवर लटकत होती. कागदावरची शाई पुसली जाते, हळदकुंकवाने बरबटते. भोकाला काय होतं? काही नाही.

"मंगला," मी म्हटलं, "तुझा नंबर तोरणात आहे. जा, सगळ्या बदलीवाल्यांना गोळा कर."

तोवर मिस्त्रींनी निम्म्या फिती गावभर वाटून टाकल्या होत्या. सणाला माणूस मागतो आणि ते देतात. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी बुऱ्हाणपुरात जे दृश्य दिसलं ते पुन्हा कधी दिसायचं नाही. लोक आपट्याची पानं घेऊन निघालेले आणि आमचे बदलीवाले प्रत्येकाला अडवून म्हणतायत, "सोनं राहू द्या, फीत द्या." टांग्याच्या घोड्याच्या गळ्यातून फीत काढली. राजपुऱ्यातल्या एका पानवाल्याने आधी विडा घ्यायला लावला, मग दिली. केळी घेऊन निघालेला एक ट्रक नाक्यावर गाठला; ड्रायव्हर म्हणाला, "बहनजी, शुभ काम का तोरण है, कैसे उतारूँ?" तर भागवत मिस्त्रींनी स्वतःच्या सायकलचा झेंडूचा हार त्याला घातला. मिस्त्री त्या दिवशी पळून पळून अर्धे झाले. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला ते सापडेनात.

तुकडे आले ते चुरगळलेले, दुमडलेले, मधेच फाटलेले. रिळाच्या खात्यातल्या बायका माझ्या खोलीत येऊन बसल्या, चपला बाहेर काढून. तुटलेला धागा जोडायची त्यांच्या बोटांना सवय. भोकावर भोक बसवून वरून पातळ पट्टी कशी चिकटवायची हे मी एकदाच दाखवलं. गप्पा मारत मारत त्या फिती जोडत होत्या आणि मी खटके लावत होते. लाल दिवे पेटले, टाइपरायटरने खडखड करून मॉनिटरची ओळ छापली, आणि मी हात जोडले. म्हातारी उठली होती!

प्रत्येक नोंदीपुढे तारीख असायची, त्यामुळे तुकडे कुठल्याही क्रमाने चालत. मागाहून कॉल लागला तसे नाडकर्णी मुंबईहून आले आणि शर्टाच्या बाह्या सरसावून फीत गुंडाळायला बसले. सगळं वाचून झालं, बेरजा आल्या. बहुतेकांच्या हजेऱ्या काठावर येऊन थांबल्या होत्या. एक आठवडा गायब होता, आणि तो नेमका पोळ्याचा. पोळ्याला कायम कामगार बैलांसाठी गावी जातात, म्हणून त्या आठवड्यात बदलीवाल्यांना रोज काम असतं. तो आठवडा नाही, तर मंगला नाही, आणि तिच्यासारखे कित्येक नाहीत. कोजागिरी उद्यावर आली होती.

मी खात्यात जाऊन सांगितलं, "पोळ्याच्या आठवड्याचं भेंडोळं कमी आहे. तुकडा नाही, पूर्ण भेंडोळं, लाल दोऱ्याने बांधलेलं."

मंगला उठून उभी राहिली. "लाल दोरा? व माय!"

"काय झालं?"

"ताई, ते तं माह्या घरी गेलं. नवमीले भाऊ आलता. मिस्त्रीनं त्याले दिलं. मले वाटलं तुमाले तुकडेच पायजेत!"

मला हसू की रडू कळेना. मी म्हटलं, "चल, ऊठ." देडतलाईला जाणारी खकनारकडची बस पकडली. बसमध्ये मंगला बोटांवर पोळ्याचे दिवस मोजत बसली.

देडतलाईच्या बाहेर त्यांचं घर. दाराला माझी फीत, सुरेख पाकळ्या पाडून ओवलेली, मधे मधे झेंडू. मी हात वर केला तशी तिची आई आडवी आली. "हात नका लावू बाई. दसऱ्याचं तोरण दिवाळीपावतर हलवत नाहीत."

मंगला चिडली, "आये, माही नोकरी लटकली तिथं!"

"लटकू दे. घराची बरकत कोन पाहीन?"

आई लेकीच्या वरताण होती. तिच्याशी भांडण्यात बस निघून गेली असती. मी म्हटलं, "बरं, हलवत नाही. मला एक स्टूल द्या." स्टुलावर चढले. ऊन फितीतून आरपार येत होतं. इतकी वर्षं भोकं पाडून पाडून ती डोळ्यांनी वाचायची सवय झाली होती. तारीख वाचली. पोळ्याच्या आदल्या दिवसाची. मग सरकत सरकत पुढे गेले, मान वर करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खाली मंगला, तिची आई, भाऊ, शेजारच्या बाया.

"काय म्हनते व ती पट्टी?" आईने विचारलं.

"थांबा."

"हाये का?" मंगला. आवाज असा बारीक, की मला खाली बघवेना.

मी तिचा नंबर शोधत होते. एका दिवशी सापडला. पुढच्या दिवशी सापडला. पोळ्याच्या दिवशी सापडला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. "आहेस," मी म्हटलं. "रोज आहेस गं बाई तू. सगळा आठवडा आहेस!"

मंगला दाराच्या चौकटीला धरून तिथेच बसली आणि मोठ्याने रडायला लागली. तिची आई मला म्हणाली, "उतरा खाली." स्वतः स्टुलावर चढली, म्हातारी, आणि एकेक गाठ सोडवून फीत काढली. झेंडू वेगळे केले, फीत पदराने पुसली आणि लेकीच्या ओटीत घातली. "जाय. पाडू नको रस्त्यात."

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला तेव्हा यादी टेबलावर होती. त्याने एअर कंडिशनरचं कौतुक केलं, यादी बॅगेत टाकली आणि गेला. त्याला काही कळलं नाही आणि आम्ही कळू दिलं नाही. त्या रात्री आटीव दूध प्यायले आणि अशी झोपले की सकाळचा भोंगा ऐकू आला नाही. तिवारीजींनी पुढे प्रत्येक खंडेनवमीला स्वतः मशीनची कळ बंद केली, आणि धुपाटणं जिन्यापाशीच अडवायला स्वतः उभे राहिले.

मशीन नंतर काही वर्षांनी भंगारात गेली. मी त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती. त्याची रुखरुख अजून आहे. निदान खटक्यांची पाटी तरी मागून घ्यायला हवी होती. पेढ्यांचा डबा तेवढा घरी आहे.

बदलीवाल्यांच्या हुकमाचा कागद दिवाळीनंतर आला. त्यानंतर एका सकाळी मंगला माझ्या खोलीत आली. चपला बाहेर काढलेल्या. हसत होती, पण नेहमीसारखं नाही.

"ताई, काय येडी हाये पाहा मी. सवयीनं आजबी जाऊन रांगेत उभी राह्यली. मुकादम सगळ्याइले पाहत पाहत आला, माह्यापाशी थांबला. मी म्हटलं, आता म्हनते, तू चल, नाही तं तू घरी जा. तं म्हने, 'मंगला, तू इथं काय करून राहिली? आत जाय.'"

मग तिने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, स्वतःशीच. "आत जाय."